बार्टर नेटवर्कचं सभासद व्हावं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पैसे न देता मालाच्या किंवा कामाच्या बदल्यात माल-काम देणाऱ्या व्यापारी नेटवर्कबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून काही ठिकाणी पूर्णांकात केले आहेत.

प्रश्न : सांगलीत माझा ऑफसेट छपाईचा व्यवसाय आहे. दोन मशिनं, आठ माणसं. एका बार्टर नेटवर्कचा प्रतिनिधी येऊन गेला. वर्षाची वर्गणी १२,००० रुपये आणि प्रत्येक व्यवहारावर देणारा व घेणारा, दोघांकडून ६ टक्के कमिशन रोखीत. मी सभासदांना छपाई करून द्यायची, माझ्या खात्यावर पॉइंट जमा होणार, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. ते कुठल्याही सभासदाकडे खर्च करता येतात. 'मशिन बंद असतं त्या वेळातलं काम, म्हणजे सगळा फायदाच' असं तो म्हणतो. सभासद व्हावं का?

उत्तर : आधी १०,००० रुपयांच्या एका कामाचा हिशेब मांडून बघा. कागद, प्लेट, शाई, बाइंडिंग मिळून ४,५०० रुपये खिशातून जातात असं धरू. पगार आणि भाडं काम असो-नसो द्यावंच लागतं, म्हणून ते धरायचं नाही. हे काम पॉइंटांत केलं की विक्रीवर ६०० रुपये कमिशन. मिळालेले १०,००० पॉइंट खर्च करताना पुन्हा ६०० रुपये. म्हणजे १०,००० पॉइंटांची वस्तू तुम्हाला ५,७०० रुपयांना पडली.

ती वस्तू तुम्ही एरवीही १०,००० रुपये मोजून घेतलीच असती, तर ४,३०० रुपये वाचले. पण नेटवर्कमध्ये भाव बहुतेक वेळा चढे असतात, कारण समोरचाही तुमच्यासारखाच कमिशन आणि पॉइंट अडकण्याची जोखीम किमतीत घालतो. तीच वस्तू बाजारात ८,५०० ला मिळत असेल तर वाचले २,८००. आणि ती वस्तू तुम्ही एरवी घेतलीच नसती, पॉइंट पडून आहेत म्हणून घेतली, तर ५,७०० रुपये गेले. प्रतिनिधी म्हणतो तो 'सगळा फायदा' या तिन्हीपैकी कुठेच नाही.

चौथी शक्यता सगळ्यात महागात पडते. जो माणूस रोखीत काम देणार होता तोच नेटवर्कमधून आला, तर तुमचे रोखीतले ५,५०० गेले आणि हाती २,८०० चा फायदा आला. म्हणून सभासदांची यादी मागा आणि तिच्यात तुमचे सध्याचे गिऱ्हाईक किती आहेत ते मोजा. पाचाहून जास्त निघाले तर त्यांची कामं रोखीतच राहतील, असं करारात लिहून घ्या.

आता खरा प्रश्न : पॉइंट खर्च कुठे होणार? गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा टॅलीचे खर्चाचे लेजर काढा आणि प्रत्येक खर्चापुढे 'नेटवर्कमध्ये हे देणारा आहे का' एवढंच लिहा. तुमच्या आकाराच्या छापखान्याचा महिन्याचा खर्च ६ लाख धरला तर त्यात कागद २ लाख ८० हजार, पगार १ लाख ४० हजार, हप्ते ४५ हजार, भाडं ४० हजार, वीज ३५ हजार, असं काहीसं दिसेल. हे ५ लाख ४० हजार पॉइंटांत जात नाहीत. महावितरण पॉइंट घेत नाही, बँक घेत नाही, पगार पॉइंटांत देता येत नाही. कागदाचा व्यापारी नेटवर्कमध्ये सापडणं अवघड, कारण त्याचं मार्जिन इतकं बारीक असतं की दोन्हीकडचं कमिशन दिल्यावर काही उरतच नाही. हे सगळ्याच नेटवर्कचं लक्षण आहे. ज्यांचा वरखर्च कमी आणि रिकामा वेळ जास्त ते आत येतात : हॉटेल, जाहिरातीची जागा, डिझायनर, जिम, सल्लागार, वेबसाइटवाले. डिझेल, किराणा, लोखंड, कागद विकणारे बाहेर राहतात. त्यामुळे तुम्हाला ज्याची रोज गरज आहे तेच तिथे कमी असतं.

उरलेल्या ६० हजारांत गाडीची दुरुस्ती, संगणक, सीएची फी, दिवाळीच्या भेटी, रंगकाम वगैरे येतं. त्यातलं महिन्याला २५ हजारांचं काम करणारे सभासद नेटवर्कमध्ये आहेत असं निघालं, तर तुमची खरी मर्यादा वर्षाला ३ लाख पॉइंट. त्याहून जास्त छपाई नेटवर्कमध्ये विकू नका. आणि खात्यावर कधीही ५० हजारांहून जास्त, म्हणजे दोन महिन्यांच्या खर्चाहून जास्त, पॉइंट साठू देऊ नका. आकडा तिथे पोचला की विक्री थांबवायची. वर्गणीचंही गणित करा : दर १०,००० ला २,८०० वाचत असतील तर १२,००० रुपये भरून निघायला वर्षात ४३ हजार पॉइंट तरी कामाच्या वस्तूवर खर्च व्हायला हवेत.

याद्या जुळल्या तर जरूर व्हा, पण तीन अटी लेखी घ्या. एक, कागद रोखीत आणि छपाई पॉइंटांत, असं बिल करायची मुभा. याने तुमची खिशातली गुंतवणूक जवळजवळ संपते. छापखान्यासाठी सगळ्यात महत्त्वाची अट हीच. दोन, जीएसटी नेहमी रोखीत. १०,००० च्या कामावर १८ टक्के धरला तर १,८०० रुपये सरकारला रोखीतच भरायचे आहेत. ते पॉइंटांत घेतलेत तर दर कामाला तेवढे पैसे पदरचे घालाल. तीन, काम नाकारायचा हक्क. दिवाळी ते डिसेंबर कॅलेंडर-डायऱ्यांची घाई आणि लग्नसराईत पत्रिका; त्या दिवसांत मशिन रिकामं नसतं, आणि रात्रपाळीचा ओव्हरटाइम देऊन केलेल्या पॉइंटांच्या कामाला वरचा हिशेब लागू होत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये आमचं केटरिंग आहे. एका मंडप-डेकोरेटरशी आमची पूर्वीपासून अदलाबदल चालते : त्याच्या कार्यक्रमात आमचं जेवण, आमच्या कार्यक्रमात त्याचा मंडप. यंदा असे पाच व्यवहार झाले, प्रत्येकी सुमारे ५० हजारांचे. पैसे दिले-घेतले नाहीत म्हणून बिलंही केली नाहीत. आमची बाकीची उलाढाल साडेअठरा लाख. आता नेटवर्कमध्ये जायचं म्हटलं की सीए म्हणतो आधी हेच निस्तरा. पैसाच फिरला नाही तर कर कसला?

उत्तर : सीएचं म्हणणं बरोबर आहे. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम ७ मध्ये पुरवठ्याच्या व्याख्येत विक्रीच्या जोडीनेच अदलाबदलीचाही उल्लेख आहे. तुम्ही जेवण दिलंत तो एक पुरवठा, मंडप घेतलात तो त्याचा दुसरा पुरवठा. दोन्हींची बिलं वेगवेगळी आणि पूर्ण रकमेची व्हायला हवीत.

तातडीची गोष्ट आधी. साडेअठरा लाखांत हे अडीच लाख मिळवले की २१ लाख होतात. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. ती ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. ते दिवस उलटले असतील तरी खात्याची नोटीस येण्याची वाट न बघता स्वतःहून अर्ज करा आणि मर्यादा ओलांडल्या दिवसापासूनचा कर सीएकडून काढून घ्या.

किंमत कोणती लावायची, याला जीएसटीचा नियम २७ आहे. पैशांशिवाय मोबदला असेल तेव्हा पहिल्यांदा खुल्या बाजारातला भाव बघायचा, म्हणजे तेच जेवण, तेवढ्याच ताटांचं, तुम्ही परक्या गिऱ्हाइकाला ज्या दराने देता तो. नियमातच उदाहरण आहे : जुना फोन देऊन नवा फोन २०,००० ला घेतला, आणि जुना न देता त्याची किंमत २४,००० असेल, तर कर २४,००० वर. 'आपापसात आहे, ३० हजारच दाखवू' हे चालत नाही.

नोंदणीनंतर तुमचा व्यवहार बरोबरीचा राहणार नाही, ही गोष्ट डेकोरेटरशी आधीच बोलून घ्या. बाहेरच्या केटरिंगवर ५ टक्के आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करायची सोय) नाही, हा दर धरला तर तुमचं बिल ५०,००० अधिक २,५०० म्हणजे ५२,५००. त्याच्या मंडपावर १८ टक्के, म्हणून त्याचं बिल ५९,०००. फरक ६,५०० रुपयांचा, तो तुम्ही त्याला बँकेतून द्यायचा. शिवाय तुम्ही ५ टक्क्यांच्या दरात असल्याने त्याच्या ९,००० चं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. ते खर्चातच धरावं लागतं. त्यालाही जेवणावरच्या २,५०० चं क्रेडिट सहसा मिळत नाही, कारण जेवणावरचं क्रेडिट काही अपवाद सोडता कायद्यानेच रोखलेलं आहे. म्हणजे दोघांनी मिळून एका अदलाबदलीत ११,५०० रुपये कर भरला आणि कुणालाच वळता करता आला नाही. ५० हजारांच्या कामावर एवढा भार पेलतो का, ते ठरवूनच पुढची अदलाबदल करा.

वहीत नोंदी अशा येतील. तुमच्या बिलाची : डेकोरेटरचं खातं नावे ५२,५००, केटरिंग विक्री जमा ५०,०००, देय जीएसटी जमा २,५००. त्याच्या बिलाची : मंडप खर्च नावे ५९,०००, डेकोरेटरचं खातं जमा ५९,०००. खात्यावर ६,५०० देणं दिसेल, ते चेकने किंवा बँकेतून फेडा. नोटांच्या रूपात १०,००० च्या वर खर्च दिला तर आयकरात तो नामंजूर होतो, ही भीती वळत्या केलेल्या रकमेला नाही : ज्याने तुमच्याकडून माल किंवा सेवा घेतली त्याचं देणं त्याच्या येण्यातून वजा करायला सूट आहे. मात्र दोघांच्या सहीचं एक पत्र हवं : कुठलं बिल कुठल्या बिलात, किती रक्कम, कोणत्या तारखेला वळतं केलं.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डेकोरेटरची आधीच्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर असेल तर तुमच्या बिलावर त्याने टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा आयकर) कापायला हवा. एकच बिल ३०,००० च्या वर असलं की कंत्राटी कामावर व्यक्तीला १ टक्का, म्हणजे ५०० रुपये. देताना पैसे हातात नसले तरी ते ५०० त्याने सरकारात भरायचे आणि तुमच्याकडून वसूल करायचे.

प्रश्न : दापोलीजवळ आठ खोल्यांचं लॉज आहे. जून ते सप्टेंबर मधल्या वारी खोल्या रिकाम्या असतात. हंगामात ३,५०० चा दर, पावसाळ्यात १,८००. नेटवर्कमध्ये खोल्या द्याव्यात का?

उत्तर : आलेल्या पत्रांत हे सगळ्यात योग्य उदाहरण आहे. आज रिकामी गेलेली खोली उद्या विकता येत नाही, आणि एका रात्रीचा वरखर्च थोडा : धुलाई १२० रुपये, दोघांचा नाश्ता २००, वीज-पाणी १५०, साबण-सफाई ६०, बेरीज ५३०. दोन्हीकडचं ६ टक्के कमिशन सुमारे २१६. म्हणजे १,८०० पॉइंट तुम्हाला साडेसातशेच्या आत पडतात.

फक्त सोमवार ते गुरुवार द्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं रोखीत येतात. ती खोली पॉइंटांत देऊ नका. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली आणि गणपतीचे दिवस असले तर त्या तारखा आधीच बंद करून ठेवा. जेवण, जादा गादी, गाडीची सोय रोखीत.

खर्चाची बाजूही तुमच्याकडे जुळते. कोकणात पावसाळा संपला की रंगकाम, प्लंबिंग, गाद्या, इन्व्हर्टरची बॅटरी ही कामं निघतातच. जून-ऑगस्टमध्ये मिळवलेले पॉइंट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथे जातात. पण रंगकाम करणारा सभासद आधी पक्का करा, जूनमध्येच, काम आणि तारीख लिहून, आणि मग खोल्या द्यायला सुरुवात करा. तो पुण्या-मुंबईचा असेल तर मजुरांचा प्रवास आणि रंगाचे डबे तो रोखीत मागेल. एक लाखाच्या कामात रंगाचेच ४० हजार रोख निघाले, तर पॉइंटांत ६० हजारच जाणार आहेत, तेवढ्याच रात्री विका : १,८०० च्या दराने ३३-३४ रात्री. चार महिन्यांत एवढ्या मधल्या वारच्या रात्री आठ खोल्यांतून सहज निघतात.

बिल पावसाळी दराने, १,८०० चंच करा. पण तो दर तुमच्या पाटीवर आणि बुकिंगच्या पानावर जाहीर असू द्या, म्हणजे खुल्या बाजारातला भाव तोच आहे हे दाखवता येतं. नोंदणी असेल तर ७,५०० पर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय. त्यामुळे रंगकामावरचा १८ टक्के तुमच्या खिशातून जातो. एक लाखावर १८,००० रोख बाजूला ठेवा. नोंदणी नसेल तर पॉइंटांची उलाढालही २० लाखांत मोजली जाते, हे वरच्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न : 'परदेशात ही नेटवर्कं नव्वद वर्षं चालू आहेत' असं सांगतात. खरं आहे का? आणि नेटवर्क चांगलं की पोकळ, हे बाहेरून कसं ओळखायचं? – पुणे

उत्तर : खरं आहे, पण सांगणारे अर्धंच सांगतात. स्वित्झर्लंडमधलं विर हे सहकारी मंडळ १९३४ मध्ये मंदीच्या काळात झुरिकला सुरू झालं. व्हेर्नर त्सिमरमान आणि पाउल एन्त्स हे संस्थापक. १९३६ मध्ये त्याला बँकेचा परवाना मिळाला आणि ते आजही चालू आहे. एक विर म्हणजे एक फ्रँक. तिथे दुकानदार आणि कारागीर बिलाचा काही भाग विरमध्ये आणि उरलेला फ्रँकमध्ये घेतात, आणि विरमधलं कर्ज तारणावर दिलं जातं. म्हणजे ते टिकलं ते बँकेसारखी देखरेख आणि अर्धंमुर्धं रोख यांच्या जोरावर. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २००९ मध्ये सेरामान्ना गावातून सार्डेक्स उभं राहिलं. एक सार्डेक्स एक युरोचा, बिनव्याजी, आणि प्रत्येक सभासदाला उणे किती जाता येईल, म्हणजे कमावण्याआधीच किती खर्च करता येईल, याची मर्यादा ठरलेली.

दुसरी बाजू अर्जेंटिनात दिसली. १९९५ मध्ये ब्वेनोस आयरेसजवळच्या बेर्नालमध्ये पहिला अदलाबदल क्लब निघाला. २००१ च्या अखेरीस बँकांतली खाती गोठवली गेली तेव्हा लाखो लोक अशा क्लबांत आले. त्यांच्या कागदी क्रेडिटच्या छपाईवर कुणाचाच ताबा राहिला नाही, बनावट नोटा आल्या, वस्तू कमी आणि क्रेडिट उदंड झालं आणि २००२ संपता संपता बहुतेक क्लब कोसळले. ज्यांच्या घरात क्रेडिटच्या गड्ड्या होत्या त्यांना त्यांचं काहीच मिळालं नाही.

यातून तपासायची गोष्ट एकच निघते : पॉइंट कशाच्या बळावर निर्माण होतात. नीट चालणाऱ्या नेटवर्कमध्ये सगळ्या सभासदांच्या खात्यांची बेरीज शून्य असते. कुणाचे अधिक, तेवढेच कुणाचे तरी उणे. म्हणून चालकाकडे तीन आकडे मागा : सभासदांची एकूण अधिक बाकी, एकूण उणे बाकी आणि चालकाची स्वतःची बाकी. समजा अधिक ६० लाख, सभासदांचं उणे ३५ लाख. उरलेले २५ लाख चालकाच्या खात्यावर उणे आहेत, म्हणजे त्याने ऑफिसचं फर्निचर, जाहिरात, हॉटेलं पॉइंट लिहून घेतली आहेत. ते २५ लाख तो सभासदांना काय विकून फेडणार? कमिशन तर तो रोखीत घेतो. याचं उत्तर नसेल तर थांबा. आकडे द्यायलाच नकार असेल तर तेही उत्तरच समजा.

मग वर्षाचा व्यापार भागिले एकूण अधिक बाकी. ६० लाख बाकीवर वर्षाला २ कोटी ४० लाखांचा व्यापार असेल तर पॉइंट साधारण तीन महिन्यांत फिरतात, ठीक आहे. व्यापारही ६० लाखच असेल तर पॉइंट सरासरी वर्षभर पडून राहतात.

भाव तपासायला, सभासद यादीतल्या पाच जणांना नेटवर्कचं नाव न घेता फोन करून रोखीचं कोटेशन घ्या, मग नेटवर्कच्या यादीतला भाव शेजारी ठेवा. १० टक्क्यांपर्यंत फरक समजण्यासारखा आहे. २५ टक्के असेल तर तुमचा एक पॉइंट ८० पैशांचा आहे, आणि कमिशन त्याच्यावर वेगळं.

करारात पॉइंटांची मुदत बघा. बारा महिन्यांत रद्द होणारे पॉइंट घेऊ नका. व्यवहार मोडला तर कमिशन परत मिळतं का, चालक एकतर्फी कमिशन वाढवू शकतो का, तंट्याचं न्यायालय कुठलं, आणि उणे मर्यादेसाठी तुमच्याकडून वैयक्तिक हमी लिहून घेतात का, हे वाचा. हमीची सही सहज करू नका. नेटवर्क बंद पडलं तर ते उणे पॉइंट तुमच्याकडून रुपयांत मागितले जातात.

दोन ठिकाणी पाऊल टाकूच नका. पैसे भरून पॉइंट विकत घ्या, कुठल्याही सभासदाकडे चालतील, असं कुणी म्हटलं तर : तिसऱ्या व्यापाऱ्याकडे चालणारं असं प्रीपेड साधन काढायला २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. ती दाखवा म्हणा. आणि पॉइंट ब्लॉकचेनवरच्या (क्रिप्टोसारख्या) टोकनच्या रूपात असतील तर आभासी डिजिटल मालमत्तेचे नियम लागण्याची शक्यता मोठी : नफ्यावर ३० टक्के, हस्तांतरावर १ टक्का टीडीएस. छोट्या दुकानाच्या वहीला हा भार परवडत नाही.

ज्यांचं खरं दुखणं बिलं थकण्याचं आहे त्यांना हे औषध लागू पडणार नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला अथवा सेवा देणाऱ्याला २००६ च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यासाठीचा अर्ज सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो.

प्रश्न : ठाण्यात ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ चालवते. दीड वर्षात १ लाख ८० हजार पॉइंट साठले आणि घेण्यासारखं काही सापडत नाही. बाहेर पडायचं आहे. काय करू?

उत्तर : ताई, आजपासून नवं काम घेणं लेखी कळवून थांबवा. बहुतेक नेटवर्कमध्ये 'स्टँडबाय'ची सोय असते. वर्गणी चालू राहते, पण पॉइंट वाढत नाहीत.

मग पुढच्या सहा महिन्यांत रोखीत होणारच असलेल्या खर्चांची यादी करा आणि नेटवर्कच्या माणसाला ती नेमक्या शब्दांत ई-मेलने पाठवा. 'काही चांगलं असेल तर कळवा' असं लिहिलंत की स्पा आणि रिसॉर्टची पॅकेजं येतात. 'दोन मॉनिटर, २७ इंची, नवे, बिल व वॉरंटीसह, सप्टेंबरअखेर', 'ऑफिसचा वर्षाचा देखभाल करार', 'सहा जणांची आरोग्य तपासणी, ठाण्यात' असं लिहा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच ई-मेल पुन्हा. वस्तू सभासदाकडे नसेल तर त्याच्याकडून ती आणवता येते का तेही विचारा. संगणकाचे दुकानदार कधी कधी निम्मे पॉइंट, निम्मे रोख यावर तयार होतात. १ लाख ८० हजार एकदम काढायचा प्रयत्न केला तर महागाच्या वस्तू गळ्यात पडतात. महिन्याला ३० हजारांनी सहा महिन्यांत शून्यावर या.

गिऱ्हाइकांना दिवाळीच्या भेटी पॉइंटांतून दिल्या तर पॉइंट पटकन जातात, पण भेटवस्तूंवरचं जीएसटी क्रेडिट मिळत नाही, ते किमतीत धरा. कर्मचाऱ्यांचा पगार किंवा कायद्याचा बोनस पॉइंटांतून वळवू नका. सवलतीत दुसऱ्या सभासदाला पॉइंट विकायचा विचार असेल तर आधी करार वाचा. पुष्कळ ठिकाणी त्यावर बंदी असते. परवानगी असेल तर ८० पैशांनी विकून ३६ हजारांचा तोटा वहीत लिहिणं हे नको असलेल्या १ लाख ८० हजारांच्या वस्तू घरात आणण्यापेक्षा बरं.

नेटवर्क बंद पडण्याआधी हे करायचं कारण साधं आहे. ती डिझाइनं दिलीत तेव्हाच ती रक्कम तुमच्या उत्पन्नात आली, आयकर लागला, नोंदणी असेल तर जीएसटीही भरला गेला. पॉइंट बुडाले तर आयकरात तोटा म्हणून मागणी करता येईल, पण बुडीत येण्यापोटी भरलेला जीएसटी आपल्याकडे परत मिळत नाही.

शून्यावर आल्यावर राजीनामा ई-मेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हींनी द्या आणि 'बाकी शून्य, देणं नाही' असं उत्तर मागवा. वैयक्तिक हमी दिली असेल तर तो कागद परत घ्या. आणि राजीनामा देण्याआधी पोर्टलवरून पहिल्या दिवसापासूनचं खाते-स्टेटमेंट, सगळी बिलं आणि कमिशनच्या पावत्या उतरवून ठेवा, कारण सभासदत्व संपलं की लॉगिन बंद होतं, आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात.